फोरमनच्या फ्रीजमधला कॅनडा

खोली भाड्याने हवी म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नोकरी, लग्न यातलं काहीएक विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "खोकून दाखवा."

मी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणाले की काय.

"खोका की ओ. लाजायचं काय त्यात?"

मी खोकलो. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, आणखी एकदा खोकायला लावलं आणि आत तोंड करून ओरडले, "चालतंय गं. इंजन बरं हाय. वरची किल्ली दे."

तीस-बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. गाडी फाटकातून आत वळली की तिचं काय दुखतंय हे तिच्याकडे न बघता सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर ऐकायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते बाकीचं सगळं ऐकायला लागले. नारळ, नळ, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा मिक्सर. मंगळवार पेठेत त्यांना सगळे फोरमन म्हणत. घरात काकूसुद्धा चिडल्या की "ओ फोरमन" म्हणायच्या. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर यायचं, आणि ते मी इथं लिहिलं तर ते मला फाडून खातील.

त्यांच्या दाराला बेल नव्हती. बेलचा आवाज त्यांना मेंगळट वाटायचा. त्याऐवजी फाटकाला जुन्या गाडीचा रबरी फुग्याचा भोंगा बसवलेला होता आणि त्याखाली लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं: 'एकदा मालक. दोनदा मालकीण. तीनदा भाडेकरू. उगंच वाजवल्यास मार.' माझ्याकडे सहसा कुणी येत नसे. पण माझ्याच ज्युनिअर कॉलेजातली पोरं जाता-येता तीनदा भोंगा दाबून पळायची आणि मी दर वेळी चप्पल शोधत जिना उतरायचो. पाच वर्षांत माझं पोट सुटलं नाही, ते त्या भोंग्यामुळे.

मी इतिहास शिकवतो. सायकलच्या पुढचं कुठलंही वाहन मला चालवता येत नाही. फोरमनच्या दृष्टीनं हे एक प्रकारचं अपंगत्व होतं, पण त्यांनी ते मोठ्या मनानं सांभाळून घेतलं होतं. पाहुणे आले की माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचं वरचं मास्तर. गाडी येत न्हाय. बाकी हुशार हायत."

जगातले सगळे आवाज ऐकणारा हा माणूस एकच आवाज ऐकत नसे, आणि तो म्हणजे स्वतःच्या मुलाचा.

मुलगा संदीप. एकुलता एक. घरापुढच्या मोकळ्या जागेत फोरमननी बापलेकाच्या गॅरेजसाठी गाडीखाली उतरायचा खड्डा खणून घेतला होता, चांगला सिमेंटचा गिलावा करून. पोराचा हातही चांगला होता म्हणे. पण पोरगं कॉम्प्युटर शिकलं आणि कॅनडाला निघालं. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. विमानतळावर सोडायला गाडी दारात आली तेव्हा फोरमन त्या खड्ड्यात उतरून बसले होते. पोरगं पाया पडायला वाकलं, तर खालूनच म्हणाले, "जा. पर गाडी बंद पडली म्हणून मला फोन करायचा न्हाय."

"नाही करणार," पोरगं म्हणालं. त्याच बापाचं ते. त्यानं खरंच केला नाही. मी सांगतोय त्या हिवाळ्यापर्यंत दोन वर्षं झाली होती, बापलेकांत एक शब्द नव्हता. खड्ड्यावर फळ्या टाकून काकू पापड वाळवायच्या.

दर रविवारी संध्याकाळी सातला संदीपचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. काकू बाहेरच्या सोप्यात फोन स्टीलच्या डब्याला टेकवून बसायच्या. फोरमन आत स्वयंपाकघरात, दार उघडं टाकून, पेपर धरून. एकच पान तासभर. मधूनच ते भिंतीशी बोलायचे.

"आई, इथं भाजी लई महाग," तिकडून यायचं.

"मग तिथं कशाला मरायला गेलाय?" आतून यायचं.

"कोण बोललं?"

"कोण न्हाय रं. भिंतीला सांगायलेत," काकू म्हणायच्या. हा प्रकार इतका सवयीचा झाला होता की एकदा भिंतीचं मत आलं नाही तर संदीपनंच विचारलं, "भिंत गावाला गेली काय?"

मला हे सगळं माहीत, कारण माझ्या जिन्याचं दार सोप्यातच उघडायचं आणि मी रविवारी सातला मुद्दाम कपडे वाळत घालायला उतरायचो. लपवायचं काय त्यात.

तर तो डिसेंबरातला रविवार. आपल्याकडे पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारे मफलर गुंडाळून स्वतःचं कौतुक करून घेतात, तेवढीच थंडी. तिकडे मात्र उणे पंचवीस. संदीप सांगत होता की हायवेवर पुढच्या ट्रकनं चाकाखालचा चिखल-बर्फ उडवला, तो सगळा समोरच्या काचेवर. यानं काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं, तर काहीच येईना. गाडी त्यानं त्याच वर्षी घेतलेली. उन्हाळाभर टाकीत नळाचं साधं पाणी भरत आला होता, इथल्या सवयीनं. त्याचा आत दगड झालेला. वायपर फिरले आणि होता-नव्हता तो चिखल त्यांनी काचभर सारवून दिला. पुढचं काही दिसेना. शेवटी खिडकी खाली करून, डोकं बाहेर काढून, कशीबशी गाडी कडेला घेतली.

"आई अंबाबाई!" म्हणून काकूंनी तोंडावर हात ठेवला.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. भिंतीकडून काही आलं नाही. पेपर मात्र खाली पडला होता आणि फोरमन तो उचलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना ते वर आले. पाच वर्षांत ते माझ्या खोलीत तीन-चारदाच आले असतील.

"मास्तर, तुमच्या फोनमधी संद्याचा नंबर हाय?"

"आहे की."

"मग त्याला लिवा. टाकीचं बर्फ झालंय तवर बटण दाबू नगं. पंप अडकून फ्यूज जाईल, न्हायतर मोटर जळंल. काचंवर उकळतं पाणी तर अजिबात वतू नगं, काच तडकंल. गाडी कुठंतरी तळघरात, उबीला लाव. आतलं वितळलं की सगळं पाणी बाहेर काढ, आन् मगच दुसरं भर. लिवलं?"

"लिहितो. तुम्ही सांगितलंय असं..."

"माझं नाव घेतलंसा तर खोली खाली करायची. तुमचं म्हणून लिवा."

"माझं? अहो, गाडीचं बॉनेट पुढं असतं की मागं, इथपासून माझी तयारी आहे."

"ते त्याला कुठं म्हाईत हाय?"

अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून मी तो मेसेज पाठवला. तासाभरात उत्तर आलं. 'थँक्यू सर! तुम्हाला गाड्यांतलं एवढं कळतं हे माहीतच नव्हतं.' मी लिहिलं, 'आवड आहे.'

फोरमननी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "आवड काय आवड! थोडं कमी बोला."

पुढचा प्रश्न असा की दुसरं काय भरायचं? मी मोबाइलवर बघून सांगितलं की तिथं न गोठणारं निळं पाणी तयार मिळतं. फोरमननी ऐकूनच घेतलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हा त्यांचा वर्कशॉपातला नियम. आणि बर्फ त्यांनी जन्मात बघितलं होतं ते उसाच्या रसातलं. म्हणून त्यांनी घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात कॅनडा उभा केला.

मटार, कोथिंबीर, काकूंचं खवलेलं खोबरं सगळं खाली आलं. वर चार बाटल्या गेल्या. एकीत साधं पाणी, एकीत साबणाचं, एकीत निम्मं पाणी निम्मं दवाखान्यातलं स्पिरिट, एकीत सगळंच स्पिरिट. प्रत्येक बाटलीला दोरा बांधून पुठ्ठ्याचा तुकडा, वर लाल पेंटनं नंबर. दिवसातून चार वेळा ते बाटली काढायचे, कानाशी नेऊन हलवायचे, ऐकायचे आणि परत ठेवायचे. साबणाचं पाणी दुसऱ्या दिवशीच गोठलं तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. नंतर कळलं, घरचा फ्रीज जेमतेम उणे अठरापर्यंत जातो. मग दोन बाटल्या घेऊन ते कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले आणि त्याच्या डीप फ्रीजरमध्ये, सीताफळाच्या डब्याशेजारी, ठेवून आले. दोन दिवसांनी कुणा गिऱ्हाइकाला सीताफळ आइस्क्रीमला दवाखान्याचा वास आला आणि फोरमनना बाटल्यांसकट परत पाठवण्यात आलं.

एवढ्यात शाहूवाडीहून काकूंचे धाकटे भाऊ आले. भात विकून आलेले, निवांत. पाण्याला बर्फ हवा म्हणून त्यांनी फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, दोरा बांधलेली बाटली काढली, बूच काढून वास घेतला आणि होती तशी ठेवून दिली. जेवलेसुद्धा नाहीत धड. जाताना फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "कवापासनं चाललंय हे, सर? पोरगं गेल्यापासनंच न्हवं?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं तर खोली जात होती. मी नुसता उसासा सोडला.

त्या उसाशावर चार दिवसांत सगळ्या पेठेनं फोरमनना दारुडा ठरवलं. सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस तो! आणि मग एका संध्याकाळी भोंगा एकदा वाजला. शेजारच्या तालमीचे वस्ताद आले होते, बरोबर गल्लीतली दोन मोठी माणसं. सोप्यात सतरंजीवर बसले. काकूंनी चहा ठेवला. बराच वेळ ऊस आणि पाणी यावर बोलणं झाल्यावर वस्तादांनी घसा खाकरला.

"फोरमन, राग मानू नगा. आमी ऐकलं ते खरं हाय?"

मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं, आता फोरमन उठणार, फ्रीज उघडणार आणि एकेकाच्या नाकाला बाटली लावून त्यांना सगळं समजावणार. पण तसं समजावायचं तर 'कशासाठी' हेही सांगावं लागणार होतं. फोरमननी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाले, "व्हय. खरं हाय."

"रोज?"

"रोज."

"किती घेता?"

"थंडी बघून."

आत काकूंच्या हातातून कपबशी पडली. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला जिन्यातून दिसलं नाही. मी मात्र तोंडात रुमाल कोंबला होता.

वस्ताद हळहळले. म्हणाले, "पोराच्या दुःखानं माणूस असं करतोय, आमाला कळतंय. पर सोडा आता. अंबाबाईची शपथ घ्या."

"आत्ता न्हाय जमायचं," फोरमन म्हणाले. "होळीनंतर सोडतो."

"होळीनंतर कशाला?"

"तवर थंडी हाय."

मंडळी गेल्यावर मी खाली उतरलो आणि जरा चिडूनच म्हणालो, "अहो, सांगायचं की खरं! काय बिघडलं असतं?"

"काय सांगू? बाप हाय म्हणून फ्रीजमधी बाटल्या घालून बसलोय, असं?" ते म्हणाले. "त्यापरास दारू पितो म्हणू देत. गप ऱ्हावा."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याविषयी अतोनात माया वाटली होती. दोन्ही एकदम. त्या माणसाच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

प्रयोगाचा निकाल तीन आठवड्यांनी लागला. माझ्या हातून तो कॅनडाला गेला तो असा: 'घरगुती काही करू नये. तिथल्या दुकानात उणे चाळीसचं निळं पाणी तयार मिळतं, तेच भरावं.'

संदीपचे प्रश्न मात्र थांबेनात. जानेवारीभर तो मला विचारत राहिला. वायपर रात्री काचेला चिकटतात, काय करू? नोझलचं भोक बर्फानं बुजलंय, टाचणी घालू का? मी प्रश्न घेऊन खाली जायचो, उत्तर घेऊन वर यायचो, आणि मध्ये माझी थोडी भाषा घालायचो, म्हणजे ते माझं वाटावं. आपण एक फार नाजूक आणि मोठं काम करतोय असं मला वाटायला लागलं होतं. वर्गात शिकवताना मी एकदा तहाची बोलणी करणाऱ्या वकिलांविषयी बोलता बोलता भावुक झालो, तेव्हा पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

एका संध्याकाळी त्यानं मेसेजऐवजी सरळ व्हिडिओ कॉल लावला. मी सोप्यातच होतो. फोन उचलला तर समोर गाडीचं उघडलेलं पोट.

"सर, पाणी येतंय, पण एकाच बाजूला. ही नळी सुटलीय काय बघा की."

मला तिथं नळ्याच नळ्या दिसत होत्या. फोरमन फोनच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, गुडघ्यावर बसले. डोळे बारीक करून बघितलं आणि हातवारे सुरू केले. एक बोट वर, मग मूठ, मग दोन्ही हातांनी कान पिळल्यासारखं काहीतरी.

"कान... म्हणजे आपलं, तो वरचा भाग पिळा," मी म्हणालो.

"कुठला भाग?"

फोरमननी कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "कपाळ." मग म्हणालो, "नेटवर्क जातंय." तेवढ्यात त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खेचलं, पाठीमागं लाल पेंटनं भराभर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. मी वाचून दाखवलं, "बॉनेटच्या आतल्या अंगाला रबरी नळीचा तीन तोंडांचा टी आहे, तो निसटलाय. सुकं करून परत दाब."

दोन मिनिटांनी तिकडून पाण्याची चिळकांडी दिसली. "आलं सर! तुम्ही म्हणजे कमाल!" संदीप म्हणाला. उणे वीसमध्ये उभं राहून त्याचं नाक लाल झालं होतं. फोरमन फोनच्या मागून त्या नाकाकडे बघत होते. कॅलेंडर त्यांच्या हातात तसंच उलटं होतं आणि लाल पेंट ओघळून त्यांच्या धोतरावर पडत होता.

मग फेब्रुवारी आला आणि मी माती खाल्ली.

फोरमन सकाळच्या गाडीनं पेठ वडगावला पाहुण्यांच्या वास्तुशांतीला गेले होते. मोबाइल ते बाहेर नेत नसत, हरवेल म्हणून कपाटात ठेवून जात. ते गेले आणि पाचव्या मिनिटाला संदीपचा मेसेज आला. त्याच्याकडे रात्र. 'सर, उद्या पहाटे लांब जायचंय. निळं पाणी थोडंच उरलंय, दुकानं बंद. साध्या पाण्यात काय मिसळू?'

मी थांबायला हवं होतं. संध्याकाळी उत्तर देतो, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण दोन महिने गाड्यांवर बोलून बोलून मला खरोखरच वाटायला लागलं होतं की मला त्यातलं कळतं. मला मे महिन्यातलं अंगणातलं पॉट आइस्क्रीम आठवलं. फोरमन हँडल फिरवायचे आणि मी बर्फात खडेमीठ टाकायचो. मिठाचं पाणी लवकर गोठत नाही, हे तर शाळेतसुद्धा शिकवतात. मी ऐटीत लिहिलं, 'दोन मुठी मीठ टाक. काळजी नको.'

संध्याकाळी फोरमन परत आले, पाय धुतले, काकूंनी चहा दिला. मीही तिथंच बसलो होतो. फोन वाजला. फोटो होता. गाडीची समोरची काच, आतून काढलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीफटक. खाली लिहिलं होतं, 'सर, मिठानं काच अशी झाली. रस्ता दिसेना. काय करू?'

फोरमननी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि फोन हातातून काढून घेतला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मीठ कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो. "तुम्ही नव्हता, म्हणून..."

मला शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. अंगठ्यानं त्या फोनवर इकडे तिकडे दाबलं, काहीच लागेना, तेव्हा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "लाव. लाव लवकर."

मी लावला. तिकडून "हॅलो सर" येतंय न येतंय तोच फोरमन ओरडले, "संद्या! गाडीतनं खाली उतरू नगं! मागची कोण ठोकंल. चारी दिवे चालू हायत का? हीटर चालू हाय न्हवं? धुराची नळी बर्फात बुजली न्हाई न्हवं, ते आधी बघ... न्हाय, उतरू नगं म्हटलं की! पेट्रोल किती हाय? बोल की रं! मीठ घालतंय व्हय कोण गाडीत? त्या मास्तरला सायकलचा पंप धरता येत न्हाय आन् त्याचं ऐकून... संद्या? ऐकू येतंय का? पोरा, बोल की!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

मग संदीप म्हणाला, "आबा, मी घरात हाय."

"काय?"

"घरात हाय. गाडी खाली उभी हाय. मीठ मी घातलंच न्हाय. तुमच्या पोराला एवढं पण कळत न्हाय व्हय? इथं रस्त्यावरच मीठ टाकत्यात बर्फ वितळायला. काच रोज संध्याकाळी अशीच हुती. कालचा फोटो हाय."

फोरमन फोन कानाला लावून उभे होते. फोन स्पीकरवर होता, तरी कानाला.

"मग हे सगळं कशापायी?" ते म्हणाले.

"मीठ तुम्ही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तुम्ही घरात नव्हता. आल्यावर तुमच्या नजरेला पडल्याबिगर राहणार न्हाय म्हणून टाकला फोटो." मग तो म्हणाला, "आणि गाडी बंद पडलेली न्हाय, आबा. तुम्ही म्हणालेलं मी पाळलंय."

काकू पदरानं डोळे पुसत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून काही नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. नंतर कळलं की माझा पहिला मेसेज गेला त्याच दिवशी त्यांनी पोराला सांगून टाकलं होतं की मास्तरांना गाडीतलं ओ का ठो कळत नाही, बोलतंय ते कोण हे तू समजून जा. निळं पाणी त्यानं पहिल्याच आठवड्यात विकत आणलं होतं. पुढचे दोन महिने तो प्रश्न शोधून शोधून काढत होता. तो नळीचा टीसुद्धा त्यानं स्वतःच्या हातानं उपसला होता, उणे वीसमध्ये. तहाची बोलणी मी करतोय असं मला वाटत होतं. मी नुसता भोंगा होतो, कुणीही दाबावा असा.

मला त्या रात्री थोडा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण खालून फोरमनचा आवाज येत होता. पाऊण तास ते बोलत होते. सगळं वायपर, नोझल आणि फ्यूज. तू बरा आहेस का, जेवतोस का, येणार कधी, यातलं एक अक्षर नाही. काकू मध्येच म्हणाल्या, "आवं, जेवला का विचारा की." त्यावर ते म्हणाले, "थांब गं, महत्त्वाचं चाललंय."

होळी झाली. फोरमननी बाटल्या मोरीत ओतल्या आणि मटार परत वर गेले. वस्तादांनी भर चौकात सांगितलं की फोरमनची दारू आपण सोडवली. फोरमन त्यांना म्हणाले, "उपकार झाले."

एप्रिलमध्ये मात्र ते अस्वस्थ दिसायला लागले. एके दिवशी जिना चढून वर आले, खुर्चीत बसले, माझ्या पंख्याचा आवाज ऐकला, उठून तो बंद केला, चालू केला. मग म्हणाले, "मास्तर, तिकडं बर्फ सरलं म्हणं."

"सरलं असेल की. एप्रिल आहे."

"मग आता काय बोलायचं?"

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. सत्तरीचा माणूस, आणि रविवारची त्याला परीक्षेसारखी धास्ती वाटत होती. मी म्हणालो, "काहीही बोला. गल्लीतलं सांगा. वास्तुशांतीचं सांगा."

"त्यातलं मला काय कळतंय?" ते म्हणाले आणि खाली गेले.

रविवारी सात वाजता मी कपडे वाळत घालायला उतरलो. वाळत घालायला काही नव्हतं, एक रुमाल होता. फोरमन सोप्यात फोनपुढे मांडी घालून बसले होते, मांडीवर दोन्ही हात. काकू शेजारी. कॉल लागला. संदीप बाहेर रस्त्यावर गाडीशी उभा होता. नमस्कार झाला. "बरं हाय?" "बरं हाय." मग कुणीच काही बोलेना. फोरमननी माझ्याकडे बघितलं. मी रुमाल झटकला.

"आबा," संदीप म्हणाला, "एक विचारायचं हुतं. वायपरची रबरं कडक झाल्यात. उन्हानं. इथं ऊन लई वाढलंय."

त्याच्या डोक्यावर कानटोपी होती, हनुवटीपर्यंत ओढलेली. गळ्याशी मफलरचे दोन वेढे. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि मागं झाडावर औषधालासुद्धा पान नव्हतं.

काकूंनी तोंड उघडलं. फोरमननी न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. फोन उचलून डोळ्यांजवळ नेला, पोराच्या कानटोपीकडे चांगलं मिनिटभर बघितलं.

"लई ऊन लागतंय व्हय रं?"

"लई, आबा."

"सावलीत हुबा ऱ्हा मग," ते म्हणाले, आणि मांडी सावरून नीट बसले. "आता ऐक. रबर दोन परकारचं असतं."